आम्ही बेटाला वेढा घातला

गेल्या दिवाळीत आम्ही सहकुटुंब एका बेटाला गाडीनं फेरी मारली. प्रवासात खायला घेतलेल्या चिवड्याच्या पिशवीची गाठ सुटेपर्यंत फेरी संपली होती.

याला सर्वस्वी जबाबदार मी. माझं नाव क्रांती. बाबा चाकणच्या एका कंपनीत कामाला आणि युनियनचे जुने कार्यकर्ते, त्यामुळे चिखलीच्या आमच्या घरात खेळण्यांपेक्षा पत्रकं जास्त. इतर पोरं 'ज जहाजाचा' शिकली, मी 'ज जाहीर सभेचा' शिकले. पण हेच लढाऊ बाबा दर दिवाळीत कंपनीला सुट्टी असताना ओव्हरटाइमला जायचे! (मशिनं बंद असली की त्यांची दुरुस्ती निघते म्हणे. माणसांची दुरुस्ती कधी निघायची?)

मग मी पत्रक काढलं आणि फ्रिजवर चिकटवलं : 'कामगार बंधू बाबा! सुट्टी हा आपला हक्क आहे! काम बंद! चलो बेट!'

बाबांनी ते वाचलं, माझा एक दीर्घ ऱ्हस्व केला आणि म्हणाले, "मंजूर. पण फसलं, तर पुढच्या दिवाळीपासून मी कामावर आणि तू गप्प."

गप्प? मी? इथं माझी सगळी राजकीय कारकीर्द पणाला लागली.

आता हे बेट कुठलं, ते सांगते. रिसॉर्टला जायचं नाही, हे माझं तत्त्व. म्हणून मी बाबांच्याच लाइनवरच्या, कुरुळीच्या किसननानांना गाठलं.

"नाना, तंबू ठोकून राहायला जागा सांगा. तिकीट नको, गेट नको, मालक नको."

"मग मावळात आमच्या सासुरवाडीला चला की. मोठं बेट हाय."

"बेट?"

"व्हय तर! पंचक्रोशीत असलं न्हाई. गाडीनं येढा घाला."

"भोवती रस्ता आहे?"

"बैलगाडी जाती, मग तुमची न्हाई जायची?"

"आणि पाणी?"

"हाय की. लागूनच."

"बेटावर जायला होडी मिळेल?"

नाना माझ्याकडं बघतच राहिले. "होडी कशाला? चालत जा. पर लई आत शिरू नगा, साप असत्यात."

चालत! म्हणजे धरणातलं बेट आणि पाणी उतरलेलं, असा मी शास्त्रीय निष्कर्ष काढला. साप म्हणजे अस्पर्श निसर्ग! (फोनवरच्या नकाशात बघता आलं असतं. पण तो नकाशा आपल्यावर पाळत ठेवतो, म्हणून त्यावर माझा बहिष्कार होता. अजूनही आहे, फक्त आवाज थोडा उतरलाय.)

खालच्या गॅरेजवाल्या सलीमचाचांनी त्यांची व्हॅन दिली. वर ट्रकची फुगवलेली ट्यूबही टपाला बांधली. "पाण्याचा भरवसा नाही, बेटी. असू दे."

मूळची लातूरची आई पाण्याला आधीच भ्यायलेली. तिनं पाण्याला वाहायला नारळ घेतला, ओल्या कपड्यांसाठी पिशव्या घेतल्या आणि वाटेत निगडीला उतरून आणखी एक नारळ घेतला. "एकानं भागलं नाही तर काय करतीस?"

किसननाना फराळाला आधीच सासुरवाडीला पोचले होते. वेशीवर ते उभेच होते. त्यांची नजर टपावर गेली.

"ट्यूब कशाला?"

"बेटासाठी!"

"आँ? बरं, चला."

शेताच्या बांधालगतच्या गाडीवाटेनं आम्ही नानांच्या मागोमाग निघालो. मी खिडकीतून डोकं काढून क्षितिजावर पाणी शोधत होते. नाना थांबले. समोर एक विहीर होती. विहिरीला लागून बांबू. उंच, दाट, हिरवागार, खरोखर पंचक्रोशीत नसेल असा.

"हे बघा बेट!" नाना अभिमानानं म्हणाले.

"कुठंय?" मी विचारलं.

"ह्ये काय! बांबूचं बेट!"

आईनं दोन्ही नारळ पोटाशी धरले. बाबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, मग गिअर टाकला आणि बेटाला फेरी मारली. गंभीरपणे. हॉर्न वाजवत. ट्यूबसकट!

"झालं," ते म्हणाले, "पत्रकाप्रमाणे."

मी पुढच्या दिवाळ्यांसाठी गप्प बसायची तयारी करू लागले. तासाभरानं बाबांचा फोन वाजला. सुपरवायझर! बाबांनी स्पीकर लावला.

"अहो राव, माणसं कमी पडतायत. उद्या याल का?"

बाबांनी बांबूकडं पाहिलं. खाली सावलीत नाना ताडपत्री बांधत होते, आई नानांच्या मेव्हणीबरोबर चुलीपाशी नारळ फोडत होती.

"नाही जमायचं, साहेब. बेटावर आहे."

"बेटावर? बापरे! मग परतीची होडी कधी आहे?"

बाबा अगदी खरं बोलले, "होडीच नाही ना, साहेब!"

सुट्टी संपेपर्यंत ते त्या बेटाखाली ढाराढूर झोपले, ट्यूबवर डोकं ठेवून. माझी आजवरची पत्रकं कितीतरी दारांखालून सरकली, पण ज्यामुळे एखाद्या कामगारानं खरोखर काम नाकारलं असं हे एकच. आणि नेमक्या त्याच पत्रकात मला 'बेट' या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता!