कारखान्याच्या शाळेतला फोन

आमच्या साखर कारखान्याच्या शाळेत कामगारांच्याच मुलांना प्रवेश मिळतो. तिथले क्लार्क प्रत्येक प्रश्न दोनदा विचारतात आणि कारखान्यात फोन करून खात्री केल्याशिवाय शिक्का उचलत नाहीत. माझ्या नवऱ्याला कामावरून काढून चार दिवस झाले होते. लेकीच्या प्रवेशासाठी मी त्याचा नोकरीचा जुना दाखला पुढे केला.

"तुमचे मालक कामावर हायेत ना, ताई? हायेत ना?"

"हाव," मी खोटंच सांगितलं.

त्यांनी फोन लावला. लेक मला चिकटून उभी होती. पलीकडून "हॅलो, बोला" मला स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला.

"लागंना," म्हणाले आणि शिक्का मारला.

अजूनही नांदेडच्या बाजारात भेटले की लेकीचा अभ्यास दोनदा विचारतात. नवऱ्याची नोकरी एकदाही नाही.