येतो म्हणून सांगा तिला

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर टाइमपास म्हणून वाचत आलो. वाचून झाले की बायकोला म्हणायचो, "याला रात्रीचं जेवण पचलं नसेल बघ." पोलादपूरला माझं टू-व्हीलरचं गॅरेज आहे, महाबळेश्वरचा रस्ता फुटतो तिथून जरा पुढे, डाव्या हाताला. सव्वीस वर्षं झाली. गिऱ्हाईक म्हणतं, गाडी अचानक बंद पडली हो... आणि मी इंजिन खोलून दाखवतो की अचानक काही होत नसतं. देव मानतो, पण गणपती-नवरात्रापुरता. असा माणूस आज हे लिहायला बसलाय, आणि हात जड झालाय तो शरमेनं.

गोष्ट माझ्या थोरल्या बहिणीची, सुनंदाताईची. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, त्यामुळे मला न्हाऊ-जेवू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिला दासगावला दिली होती. मूलबाळ नाही, नवराही लवकर वारला. मग तिनं महाडला एका हॉस्पिटलात आयाचं काम धरलं आणि तिथंच भाड्याची खोली घेतली. हॉस्पिटलातल्या लता सिस्टर तिला त्यांच्या प्रार्थनेला घेऊन जायच्या. एक दिवस ताई बाप्तिस्मा घेऊन मोकळी झाली! आम्ही वरच्या अंगाच्या वाडीतली शेतकरी माणसं. वाडीत वाघ शिरला असता तरी एवढा गोंधळ झाला नसता.

आमचे वडील, आबा, आठ दिवस कोणाशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी म्हणाले, "पोरगी माझीच हाय ना? मग येऊ दे तिला." त्यामुळे ती येत राहिली.

तिच्या त्या नव्या धर्मातलं एक तिच्या मनात फार घट्ट बसलं होतं, ते म्हणजे ख्रिस्त पुन्हा येणार. पहिल्यांदा तो गरिबाघरी जन्माला आला, आता न्याय करायला येणार. मेलेले उठतील, सगळे त्याच्यापुढे उभे राहतील, आणि तो विचारील – भुकेल्याला जेवू घातलंस का, तहानेल्याला पाणी दिलंस का, परक्याला घरात घेतलंस का? कधी येणार ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून सदा तयार राहायचं. आता आमच्या ताईची तयारी कशी, तर आपल्याकडे पाहुणा आला की आधी पायावर पाणी! ती रोज खोलीच्या दाराबाहेर भरलेली कळशी आणि तांब्या ठेवायची. त्यांच्या प्रार्थनेचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, एकदा हसून म्हणाले, "सुनंदाबाई, प्रभू मेघांवरून येणार. त्याचे पाय कशाला मळतील?"

"मेघांवरनं येऊ दे नायतर आंबेनळी घाटातनं," ताई म्हणाली. "लांबनं येणार ना तो? मग पाणी नको?"

मीही तिला चिडवायचो. "ताई, तुझ्या न्यायाधीशाची तारीख आपल्या कोर्टासारखी पुढंच चाललीय गो." ती हसायची. "तारीख तो बघंल रे. आपण हजर असलं म्हंजे झालं."

चार वर्षांपूर्वी आबा गेले. शेवटचे तीन दिवस नुसतं सुनंदा, सुनंदा करत होते. आणि मी तिला कळवलं नाही. भावकीतल्या थोरल्यांनी मला ओटीवर बसवून सांगितलं होतं, "ती आली तर आमी खांदा देणार नाय." मी घाबरलो. आबांना वाटलं असेल पोरगी मुद्दाम आली नाही... हे मला आजही सहन होत नाही.

आबा गेल्यावर तिसऱ्या दिवशी तिला एसटीत कोणाकडून तरी कळलं. तशीच धावत आली आणि अंगणात उभी राहिली. घर माणसांनी भरलेलं, पण कोणी ये म्हटलं नाही, कोणी पाण्याचा तांब्या पुढं केला नाही. मीच म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आता कशाला आलीस? तुझा हितं काय संबंध?"

"आबाला शेवटचं बघू पण नाय दिलंस, दिनू," ती म्हणाली. आणि मग, "मी तुझा न्याय नाय करणार. करणारा येणार हाय."

मला तो शाप वाटला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! रागारागात तिचा नंबर ब्लॉक केला, तो तसाच ठेवला. महाड आमच्यापासून वीस किलोमीटर. स्पेअर पार्ट आणायला आठवड्यातून दोनदा जायचो, तिच्या गल्लीच्या तोंडावरून. एकदाही गाडी थांबवली नाही.

यंदा होळी होऊन आठवडा झाला असेल. मंगळवारची दुपार, ऊन मी म्हणत होतं. एका गिऱ्हाइकाची गाडी पाच वाजता द्यायची होती, तिचं क्लचचं काम खोलून मी खाली बसलो होतो. एक माणूस चालत आला. साठीच्या आसपासचा, अंगात मळका सदरा, डोक्याला टॉवेल, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले. वरच्या एखाद्या वाडीतला असावा असं वाटलं.

"पायावर घ्यायला पाणी हाय का रे?" त्यानं विचारलं.

माझे हात ऑइलमध्ये. पंक्चर काढताना ट्यूब बुडवायचं घमेलं असतं ना, त्याच्याकडे हनुवटीनं खूण केली. म्हटलं, त्यातलं घ्या. आत पिंपात चांगलं पाणी होतं, पण उठायचा कंटाळा. त्यानं मुकाट्यानं त्या काळ्या पाण्यात पाय धुतले आणि बाकावर टेकला.

"सुनंदाकडनं आलोय," तो म्हणाला. "तिची निघायची वेळ झालीय. तुझी वाट बघतेय. आत्ता निघालास तर भेटशील."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आता ही प्रार्थनेवाली मंडळी गॅरेजपर्यंत पोचली! निघायची म्हणजे कुठे निघाली, एवढंसुद्धा मी विचारलं नाही. मान खाली घालूनच म्हणालो, "येतो म्हणून सांगा तिला."

आपल्याकडे ‘येतो’ म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. उठताना आपण येतो म्हणतो, टाळतानाही येतो म्हणतो. लग्नाची पत्रिका हातात घेऊन ‘येतो की’ म्हणणारे निम्मे लोक फिरकत नाहीत, आणि त्याचं कोणाला वाईटही वाटत नाही. मी वेळ मारून नेत होतो.

"येतो म्हणालास?" त्यानं विचारलं. "तसंच सांगू?"

"तसंच सांगा."

"बरं," म्हणाला आणि उठला. मी नट आवळून वर बघितलं तेव्हा रस्ता रिकामा होता. लगेच मी जळलेल्या क्लच प्लेटचा फोटो काढून गिऱ्हाइकाला पाठवला. त्या मेसेजवर वेळ आहे – दोन सेहेचाळीस.

सव्वाचारला घरून बायको धावत आली. तिच्या मोबाइलवर लता सिस्टरांचा फोन आला होता. ताई गेली... साडेतीन वाजता.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा चेहऱ्यावर चादर ओढलेली होती. किडनीचं दुखणं होतं म्हणे, वर्षभरापासून. मला पत्ताच नव्हता. लता सिस्टर दोन दिवस तिच्या उशाशी होत्या. "तुम्हाला किती फोन केले तिच्या मोबाइलवरून," त्या म्हणाल्या. "लागतच नव्हता. मिसेसचा नंबर तिच्या पिशवीतल्या डायरीत मिळाला, पण ती गेल्यावर." नंबर मीच ब्लॉक केलेला.

मग त्या म्हणाल्या, "पण तुम्ही निघालात हे तिला कळलं होतं. उशीर झाला का वाटेत?"

मला काही समजेना. त्या सांगायला लागल्या. पावणेतीनला त्यांनी सलाइन बदललं, तशी कागदावर नोंद आहे. त्यानंतर दोन-चार मिनिटांतच ताईनं डोळे उघडले आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाली, "लता, दिनू येतो म्हणालाय." त्यांनी विचारलं, कोणी सांगितलं? तर म्हणाली, "निरोप आलाय." मग केस विंचरून घेतले. आणि म्हणाली, "दाराबाहेर पाणी ठेव गो. उन्हातनं येणार तो." लता सिस्टरांनी खरंच वॉर्डच्या दाराबाहेर एक जग भरून ठेवला होता. मी आत आलो तेव्हा तो तिथंच होता.

मी इतका रडलो की वॉर्डबॉय गोळा झाले. सिस्टर पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अंगणात तुम्हाला ती काहीतरी बोलली होती ना, न्यायाचं? त्याची तिला फार टोचणी होती. मी रागात बोलले, म्हणायची, माझ्या भावाला शाप वाटला असंल. त्याच्यावर माझी काही तक्रार नाही, हे देवापुढे उभं राहायच्या आधी तिला तुम्हाला सांगायचं होतं. तेवढ्यासाठी थांबली होती."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या मंडळींनी तिला मूठमाती दिली. मी पेटीला खांदा दिला. भावकीला विचारलं नाही.

आता त्या माणसाबद्दल. माझा भ्रम म्हणावा, तर समोरच्या टपरीवरच्या वंदनावहिनींनीही त्याला बघितला होता. "होता की एक म्हातारा बाकावर. मला वाटलं तुझ्या वाडीचा." ताईच्या प्रार्थनेला येणाऱ्या अकराच्या अकरा लोकांना मी भेटलो. त्यातला कोणी नव्हता, आणि कोणी कोणाला पाठवलंही नव्हतं. लता सिस्टरांनी स्वतःहून मोबाइल दाखवला, त्या वेळात एकही कॉल नाही. पोलादपूरहून महाडला जायला मोटारसायकलवरून अर्धा तास लागतो, आणि माझा निरोप, माझ्याच शब्दांत, दोन-चार मिनिटांत पोचला. पाळकांना विचारलं, साहेब, हे काय असेल? मला वाटलं ते आता मोठं प्रवचन देतील. ते म्हणाले, "मला माहीत नाही. आणि माहीत आहे असं सांगणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका."

मी ख्रिस्ती झालो नाही, होईन असंही वाटत नाही. कोणाला यावर काही सुचत असेल तर खाली जरूर लिहा, मी सगळं वाचतो. फक्त ‘ती शांतपणे गेली ना, मग झालं’ असं लिहू नका. बायको रोज तेच सांगते. शेवटच्या अर्ध्या तासात तिनं काय केलं ते मी लता सिस्टरांना खोदून खोदून विचारलं. काही नाही, म्हणाल्या, दाराकडे बघत होती.

ज्याची वाट बघण्यात तिची सगळी हयात गेली, तो तिला न्यायला आला की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण त्या अर्ध्या तासात ती माझी वाट बघत होती, आणि मी क्लच बसवत होतो.