गेणभाऊनं बसून काढलेला पंधरवडा

पेठच्या थांब्यावर गेणभाऊ एसटीची वाट बघत उभा आहे, असं कुणी कधी बघितलं नाही. पाच मिनिटं झाली की म्हणायचा, "पुढच्या थांब्यावर धरू की!" आणि चालू पडायचा. दोन थांब्यांच्या मधोमध एसटी त्याच्या अंगावर धूळ उडवून निघून जायची. असा तो कितीदा तरी मंचरला पायी पोचला. जेवायचा उभ्यानं. अर्धी दाढी झाली की न्हाव्यापुढनं उठून बैलाला पाणी दाखवून यायचा. बायको कोंडाबाई पाव्हण्यांना रंगवून सांगायची, "भटजी 'सावधान' म्हणालं, तवा आमचं नवरदेव मांडवाची सुटल्याली दोरी बांधाया गेल्यालं!"

अशा माणसाच्या दावणीला पाखऱ्या जन्मला आणि अठ्ठ्याण्णव साली यात्रेतल्या शर्यतीच्या बैलगाड्यात आला. गाड्याला चार बैल लागतात. ते चार घरांतून आणलेले. जुंपणी ठरवायचा कुशाबा. तो बोलायचा कमी आणि बैलाकडं बघायचा फार. पाखऱ्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, पळावा, एवढंच गेणभाऊला पाहिजे होतं. बाकी आयुष्यात त्यानं काही मागितलं असेल तर ते कुणाला ठाऊक नाही.

म्हणून तो झपाटला. सकाळी बैलाला चालवायचं, ते दोन कोस. मग तळ्यात पोहणी, मग मालीश. दुपारी बैल खाली बसतोय न बसतोय, तोच हा उभा. "काय रं, ऊन लागतंय का? चल, त्या आंब्याखाली." तिथं बांधला की, "इथं माशा लई हायेत. चल, गोठ्यात." पाखऱ्या बिचारा दिवसभर उभा, कान टवकारून, धनी आता कुठं नेतोय म्हणून.

चैत्र लागला आणि कुशाबा बैल बघायला आला. पाठीवरनं हात फिरवला, बरगड्या चाचपल्या.

"गेणभाऊ, बैल वाळला की रं."

"तयार झालाय त्यो! चपळ झालाय!"

"तयार नाय, दमलाय. परवा सरावाला आडवा वढत व्हता." कुशाबानं धोतराचा सोगा झटकला. "यात्रेला पंधरा दिस हायेत. सुधारला तर जुंपू. न्हायतर ओतूरच्या पावण्याचा बैल आणायचा. राग मानू नगंस."

आणि गेणभाऊनं काय करावं? दुसऱ्या दिवशी दोनाचे तीन कोस केले!

तिसऱ्या दिवशी कोंडाबाईनं त्याला दारातच अडवलं. "अवं, जरा माझं ऐकता का? तुमी रानात गेला की त्यो बसतोय. रवंथ करतोय. तुमची चप्पल वाजली की फट्‌दिशी उठतोय."

"काय बी!"

"मग ऱ्हावा घरात, आन् बघा."

गेणभाऊ गोठ्यासमोरच्या बाजेवर बसला. बसला म्हणजे काय, अकरा वेळा उठला. खुंटी घट्ट आहे का? पाणी गार आहे का? उगीच ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत. पाखऱ्याही उभाच. कोंडाबाई घरात गेली आणि दोन महिन्यांची झोपलेली नात, आरती, आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"आता उठा! पोर जागी झाली तर तुमीच गाणी म्हना."

झालं. गेणभाऊ खिळला. पाठीला खाज सुटली, हलता येईना. शेजारच्या विहिरीवरची मोटार बंद पडली, जाता येईना. "अगं, कुणी तरी बघा की मोटार!" असं तो कुजबुजला, पण ऐकतो कोण? मग घटकाभरानं पाखऱ्यानं पुढचे गुडघे टेकले, धपकन अंग टाकलं, आणि जबडा फिरू लागला. एवढ्या वर्षांत गेणभाऊनं आपल्या बैलाला रवंथ करताना धड बघितलंच नव्हतं. तो मोजू लागला. घास वर यायचा, पन्नासेक वेळा चघळला जायचा, गिळला जायचा, दुसरा यायचा. मोजताना मधे मन मोटारीकडं गेलं की आकडा चुकायचा, पुन्हा एकपासून.

सकाळी एक कोस, दिवसाआड पोहणी आणि रोज दुपारी मांडीवर नात. बाराव्या दिवशी कुशाबा आला, बरगड्या चाचपल्या आणि म्हणाला, "येऊ द्या."

यात्रेत मात्र सगळं फिसकटायला आलं. हलगी कडाडत होती. माईकवाला घसा फोडत होता, "चला ऽ चला ऽ पेठकर, तुमची बारी, आवरा राव, लग्नाला आलाय का!" गेणभाऊ बैलाभोवती गरागरा फिरत होता आणि पाखऱ्या दाव्याला हिसके देत होता.

"गेणभाऊ, खाली बस!" कुशाबा ओरडला.

"आता? आरं, जुंपायचाय!"

"तू हुबा हायेस तवर नाय जुंपत. बस!"

गेणभाऊ तापल्या मुरमावर मांडी घालून बसला. मुंगळा चावला, हलला नाही. नजर फक्त पाखऱ्याच्या जबड्यावर. हळूहळू दाव्याचा ताण सैल पडला. पोरांनी बैल नेला. पुढं माणसांच्या पाठीच पाठी उभ्या राहिल्या, घाट दिसेना.

"झाली ऽ ऽ! भिर्रर्रर्र!"

धुरळा, आरोळ्या, टोप्या हवेत. "किती? आरं, किती आलं?" गेणभाऊ दिसेल त्याचं धोतर ओढत होता. माईक खरखरला, "बारा सेकंद, अठ्ठावीस पॉइंट! पहिल्या नंबरात गाडा, राव!"

कुशाबा गुलाल घेऊन धावत आला. "उठ की! बसलायस काय अजून?"

"मुंग्या आल्यात दोनी पायाला," गेणभाऊ म्हणाला. "तू बैलाकडं जा आधी. त्याला फिरवू नगा, बसू द्या."

आणि कुशाबानं पाठ फिरवताच हात टेकून, लंगडत, तोही निघालाच.