भिंतीकडचं दार

पेणच्या बाजारात, गाड्या लावतात त्या जागेच्या कडेला, एक बाई पोह्याचे पापड विकत बसते. तिचं नाव मी अजून विचारलेलं नाही. उन्हाला आडवा हात कपाळावर धरून ती बोलते, आणि गिऱ्हाईक नसलं की येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांशी भांडते.

आमची गाडी म्हणजे ह्यांनी निवृत्तीनंतर हौसेनं केलेलं फिरतं घर. छोट्या व्हॅनमध्ये पलंग, शेगडी आणि पुस्तकांची फळी. साध्या मोटारीच्या जागेत ते जेमतेम मावतं. हे गेल्यावर मी ती विकायला काढली. रोह्याच्या एका गृहस्थांना दाखवायला निघाले होते, वाटेत पापडांसाठी थांबले.

"ही गाडी हाय का घर गो, बाय?" तिनं विचारलं.

"दोन्ही."

"मग दार भिंतीला चिकटवून कशाला लावलंस? घरात जायचं नाय काय?"

मागच्या भागाला तेवढं एकच दार. हे गेल्यापासून मी गाडी नेहमी तशीच लावत होते, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"काढ बाहेर, उलटी घाल." ती उठलीच. "येव दे, येव दे... अगो बस! पापड चिरडतीस माझं!"

हे गेल्यानंतर पहिल्यांदाच मी ते दार उघडलं. ह्यांचा चष्मा पुस्तकावर तसाच होता. तो फळीवर ठेवून मी शेगडी पेटवली. डब्याच्या तळाशी उरलेल्या साखरेत दोन कप कोरा चहा केला.

"साखर कमी हाय," ती घोट घेत म्हणाली.

रोह्याला फोन करून मी गाडी विकायची नाही असं सांगितलं, आणि बाजारात साखर आणायला गेले.