कॉलरमधला दोरा

डहाणू स्टेशनजवळचा तो म्हातारा शिंपी मला एकदाच भेटला. सोसायटीच्या नाटकासाठी मी एक अंतराळसेना रचली होती आणि सरसेनापतीची भूमिका अर्थातच स्वतःकडे ठेवली होती. बायको म्हणाली, "घरात कुणी ऐकत नाही, निदान अवकाशात तरी ऐकू दे."

हुद्द्यांचा कागद मी शिंप्यापुढे ठेवला. सरसेनापतीच्या खांद्यावर पाच ग्रह, कप्तानाच्या तीन. चष्मा कपाळावर सारून तो एकेका ओळीवरून नख फिरवत गेला आणि शेवटच्या ओळीला थांबला.

"ह्या शिपायांच्या खांद्यावर काय, साहेब?"

"काही नाही, मास्तर. पहिल्याच अंकात मरतात ते."

"मग घरचे ओळखणार कसे?"

मी हसलो. तो हसला नाही. झाई बंदराच्या मासेमारी बोटींवर जाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या शर्टाला तो कॉलरच्या आत रंगीत दोरा घालायचा, प्रत्येकाला वेगळा. बुडालेला माणूस सापडला तर चेहरा ओळखू येत नाही, म्हणून पोलीस शर्ट घेऊन त्याच्याकडे यायचे. धाकट्या भावाला त्याने पिवळा दोरा घातला होता. भावाची बोट चार वर्षांपूर्वी गेली, ती गेलीच.

"पिवळा अजून आला नाही," तो म्हणाला.

"म्हणजे आशा आहे," मी सरसेनापतीच्या आवाजात म्हणालो.

त्याने सुईत दोरा ओवला.

"शर्ट आला आणि त्यात पिवळा नसला की मला बरं वाटतं, साहेब. मग ज्याचा रंग निघतो, त्याच्या घरी मीच सांगायला जातो."