नखानं काढलेल्या फेलफुटी

कात्री हातात धरायचा मला पहिल्यापासून कंटाळा. नाशिककडे आमची द्राक्षबाग. छाटणीनंतर वेलीला नको तेवढे फुटवे येतात, त्यांना आम्ही फेलफुटी म्हणतो. त्या काढायला गावातल्या बाया यायच्या. त्यांच्या हातात कात्री मी कधी पाहिली नाही. अंगठ्याचं नख आणि शेजारचं बोट, टच्, की फुटवा खाली. सुनांची उणीदुणी काढता काढता ओळ संपायची. शाळेतून आले की मी त्यांच्यात घुसायचे, आणि बारावीपर्यंत माझा हात त्यांच्या बरोबरीनं चालायला लागला. याचा मला भारी गर्व होता.

जपानातल्या त्या मोठ्या भूकंपाला आणि त्सुनामीला पाच वर्षं झाली होती तेव्हा मी क्योतोला वनस्पतिरोगांवर संशोधन करायला गेले. पहिल्याच वसंतात आमच्या सरांनी मला उत्तरेकडच्या डोंगरात एका हॉपच्या मळ्यावर धाडलं. हॉप म्हणजे ज्या वेलीच्या फुलांनी बिअरला कडवटपणा येतो ती. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "अगं बाई, एवढं शिकून शेवटी दारूच्याच कामाला लागलीस!" काम साधं होतं. पानं उलटून लाल कोळी किडे मोजायचे, दमट हवेत डाऊनीची बुरशी येते का बघायची, कोरड्या दिवसांत भुरीची. सगळी दुखणी द्राक्षाचीच, झाड तेवढं वेगळं.

मळा सत्तरीच्या एका गृहस्थांचा होता. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणायचे. मग ओघानंच त्यांची धाकटी बहीण माझी आत्या झाली. आत्यांचं घर दूर ईशान्येच्या समुद्राकाठी होतं, ते लाटेत गेलं. नवरा आधीच गेलेला. घरामागच्या टेकाडावर त्यांचा हॉपचा लहानसा तुकडा होता, तेवढा राहिला. भावाकडे राहायला आल्या तेव्हा त्यातली एक मुळी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन आल्या होत्या. काकांनी ती दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी लावली. ती वेल कधी नीट वाढलीच नाही. "रुसलीय, माहेरची आठवण येते तिला," असं काका म्हणायचे आणि आत्या हसायच्या.

मेच्या सुरुवातीला हॉपच्या एकेका झाडाला वीस-पंचवीस कोंब येतात. त्यातले चार ठेवायचे, उंच तारेवरून सोडलेल्या दोरीला गुंडाळायचे, बाकीचे काढून टाकायचे. काकांच्या कमरेला एक डबा लटकलेला असे, त्यात पांढरट औषधाचं पाणी. प्रत्येक झाडानंतर कात्री त्यात बुडवायची, निथळायची, मग पुढचं झाड. मलाही त्यांनी कात्री आणि डबा दिला. मी म्हटलं, झालं! इथे बाटली कचऱ्यात टाकतानाही झाकण वेगळं, लेबल वेगळं टाकतात, तसंच हेही सोवळं असणार. अर्ध्या तासात मी वैतागले. कात्री खिशात घातली आणि नखं चालवायला लागले.

दुपारपर्यंत दुसरी आणि तिसरी ओळ फत्ते. काका तेव्हा पहिल्या ओळीच्या मध्यावर होते. आत्यांनी माझे हिरवे चिकट हात दोन्ही हातांत धरून पाहिले आणि भावाला म्हणाल्या, "बघ, हे हात बघ." काका गालातल्या गालात हसले. मी केवढी फुलले होते! अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला पाठ होती, पण ती नेहमी दुसऱ्यांसाठी.

त्यानंतर दर सुट्टीत मी तिथेच. आत्यांच्या शेजारची खोली माझी झाली. मधे कागदी दार, त्यांनी कूस बदलली तरी कळायचं. त्या माझ्यासाठी मासळीशिवायचं सूप वेगळं करायच्या. समुद्राकाठच्या बाईला ते किती बेचव लागत असेल, पण त्याही तेच प्यायच्या.

तिसऱ्या उन्हाळ्यात दुसरी ओळ खुजी निघाली. वेली तारेपर्यंत पोचल्याच नाहीत, फुलं बारकी, विरळ. तिसऱ्या ओळीचंही तेच. मी पानं क्योतोला नेली, तपासली. सप्टेंबरात निकाल आला. विषाणूहूनही लहान असा एक रोगकण असतो, त्याचा खुजेपणाचा रोग. झाड मरत नाही, नुसतं वर्षानुवर्षं खुरटत जातं. औषध नाही. मुळासकट उपटायचं आणि जाळायचं. हा रोग वाऱ्यानं येत नाही, कोळी-मावा आणत नाहीत. झाडाच्या रसातून जातो, एका झाडाच्या रसानं माखलेलं हत्यार दुसऱ्याला लागलं की.

सरांनी सगळ्या मळ्याचा नकाशा करायला सांगितला. रोगी झाड तिथे लाल ठिपका. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी, आत्यांच्या वेलीपासून ठिपके सुरू झाले ते ओळीच्या टोकापर्यंत एकही झाड न सोडता गेले, तिथून वळून तिसऱ्या ओळीनं परत आले. काकांनी कात्रीनं केलेल्या सगळ्या ओळी स्वच्छ. मी नकाशाकडे बघत बसले. ती माझीच चाल होती. त्या दिवशी मी कुठून कुठे गेले, कुठे वळले, सगळं त्यात उमटलं होतं, आणि जगात ते वाचता येणारी मी एकटीच होते.

सर खूश झाले. "किती सुंदर प्रसार! याचं प्रबंधात आख्खं प्रकरण होईल," म्हणाले. मी मान डोलावली. आता काय सांगणार होते? की हा प्रसार निसर्गाचा नाही, माझ्या अंगठ्याचा आहे? शिष्यवृत्ती त्या प्रबंधावर, व्हिसा शिष्यवृत्तीवर. स्वतःच्या हातानं बांधलेल्या खोक्यात बसून मी वरून झाकण लावून घेतलं.

मळ्यावर निकाल मीच सांगितला. काकांनी शांतपणे विचारलं, "आला कुठून?" मी दुसऱ्या ओळीच्या तोंडाकडे बोट दाखवलं. खोटं नव्हतं. रोग त्या मुळीतूनच आला होता. पण माझी नखं मधे आली नसती तर तो त्या एका झाडात राहिला असता, हे उरलेलं अर्धं मी माझ्यापाशीच ठेवलं. आत्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो खाली ठेवला आणि भावापुढे गुडघ्यावर बसून जमिनीला कपाळ टेकवलं. "मी आणलं," म्हणाल्या. काका चिडून, "ऊठ, ऊठ, काय हे," करत राहिले. मी चहा प्यायले! आज लिहितानाही लाज वाटते, पण प्यायले.

त्यानंतर आत्या मळ्यात यायच्या बंद झाल्या. जेवायला शेवटी बसायच्या, उरलंसुरलं वाढून घ्यायच्या. सूप मात्र माझं वेगळंच होत होतं. कागदी दारापलीकडे त्या जाग्या आहेत हे मला कळायचं, मी जागी आहे हे त्यांना कळत असेल. प्रत्येक खेपेला क्योतोहून निघताना ठरवायचे, या वेळी सांगायचं. दिवसातून दोनच बस. पहिल्या बसनं पोचले की वाटायचं संध्याकाळी सांगू, संध्याकाळी वाटायचं सकाळी, आणि सकाळी बस आलेली असायची. तिकडे प्रकरण लिहून होत आलं होतं. वडिलांना फोनवर सांगून पाहिलं. ते म्हणाले, "छ्या! आपल्या बाया हातानंच काढतात, कुठं काय होतं?" मला त्यांचा इतका राग आला की फोनच ठेवला. मला कुणीतरी खडसावायला हवं होतं, आणि ज्या एकाच माणसाला सांगितलं तो माझी बाजू घेत होता.

नोव्हेंबरात झाडं उपटायचा दिवस आला. काका खणत होते, मी मुळ्या ओढत होते. एकेक मुळी पोराएवढी जड. त्या दिवशी आत्याही आल्या, कोणी न बोलावता. हातमोजे घालून त्यांनी सुरुवात स्वतःच्या वेलीपासून केली. खाली बसून त्यांनी माती हातानं बाजूला सारली, आणि मला ते बघवेना. मी फावडं टाकलं. आधी मराठीत काहीतरी बडबडले, मग जपानीत सगळं सांगितलं. नखं, कात्री खिशात, दोन ओळी, नकाशा. रडत रडत, चुकीच्या व्याकरणात.

काकांनी टोपी काढली. मला वाटलं, आता. बोला, शिव्या द्या, हाकलून द्या. ते कमरेत वाकले, माझ्यापुढे! "डबा दिला, पण कशासाठी ते सांगितलं नाही. तुम्ही हातानं काढत होता तेही मी पाहिलं होतं. कौतुक वाटलं म्हणून थांबवलं नाही. चूक माझी. माफ करा." सत्तरी ओलांडलेला माणूस चिखलात वाकून उभा. मी "नाही, नाही" म्हणत त्यांच्याहून खाली वाकत होते आणि ते आणखी खाली जात होते. अपराध कबूल करायलाही त्यांनी मला जागा ठेवली नाही.

आत्या मात्र वाकल्या नाहीत. गुडघ्यांवरून उठल्याही नाहीत. माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"सप्टेंबरपासून."

त्यांनी मान हलवली. "तिकडे, आमच्या समुद्राकडे, घरं वाहून गेलेल्यांसाठीच्या सरकारी इमारतीत एक खोली मिळतेय," त्या म्हणाल्या. "मी अर्ज ऑक्टोबरात भरला."