वाढत्या अंगाची बाग

मास्तरांना बाग करायची नव्हती. त्यांना फक्त साडूचं ऐकायचं नव्हतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, पँटीचे. चौकातल्या त्यांच्या शिलाईच्या दुकानात उभा जन्म लोकांच्या कंबरा मोजण्यात आणि 'मागच्या वेळेपेक्षा जरा वाढलीय' हे न बोलण्यात गेला. उतारवयात वस्तीच्या कडेला दोन खोल्यांचं घर बांधलं. पैसे छपरापर्यंत पुरले, दारापुढच्या जागेपर्यंत पुरले नाहीत. तिथे उरला तो विटांच्या तुकड्यांचा ढीग, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि बारमाही चिखल. हा चिखल माणसांच्या पायांना धरून घरात येई आणि नुकत्याच पुसलेल्या लादीवर पाहुण्यासारखा ऐसपैस बसे.

पुसणाऱ्या होत्या मास्तरीणबाई. दुकानातली मास्तरकी नवऱ्याकडे आणि उरलेल्या जगाची त्यांच्याकडे, अशी वाटणी लग्नापासूनची होती.

अशात साडू आले. साडू हे नातं मोठं नाजूक. एकाच सासऱ्याचे दोन जावई म्हणजे एकाच ताग्यातले दोन तुकडे; लोक जन्मभर शेजारीशेजारी धरून रंग ताडून बघतात. त्यातून हे साडू फरशीचे कंत्राटदार. त्यांच्या घरापुढे कुंपणापासून दारापर्यंत फरशी होती, आणि दुपारी ती तापली की त्यांचं मांजरसुद्धा तिच्यावरून उड्या मारत जायचं.

"मोठ्या सभागृहाचं काम चाललंय माझं," साडू म्हणाले. "संपलं की उरलेली फरशी इथे आणून टाकतो. फुकट. घरचंच आहे. एकदा टाकली की जन्माची कटकट गेली!"

मास्तरीणबाईंचा चेहरा उजळला. तो उजळलेला बघून मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "नको. मी इथे बाग करणार आहे."

सगळ्यांत जास्त चकित मास्तर स्वतः झाले होते.

"बाग?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "अहो, घरातली कोरफड वाळली होती तुमच्या हातची. कोरफड!"

"ती आजारीच होती आधीपासून."

"बरं. भाऊजींचं काम संपेपर्यंत करा काय करायची ती. पण ते फरशी घेऊन आले आणि घरात चिखल येतच असला, तर मी तुम्हाला विचारणारसुद्धा नाही."

झालं. जीभ घसरली आणि मास्तर खड्ड्यात पडले. खड्डाही त्यांनाच खणायचा होता.

विकतची रोपं परवडण्यासारखी नव्हती. मग दुकानात पाटी लागली: 'पँट आखूड करून मिळेल. शिलाईऐवजी रोप चालेल.' लोकांच्या घरी काय जास्त झालेलं असतं हे तेव्हा कळलं. झेंडू आला, पुदिना आला, मेंदी आली. मास्तरांनी टेप काढला, खडूने रेघा मारल्या आणि कापडावर टाके घालावेत तशी रोपं लावली. सरळ, घट्ट, मध्ये बोटभर फट नाही. काय फिटिंग होतं! मास्तरीणबाईसुद्धा दोनदा बाहेर येऊन बघून गेल्या.

थोड्याच दिवसांत रोपं पिवळी पडली. एकमेकांच्या अंगावर रेलून, खच्चून भरलेल्या गाडीतल्या प्रवाशांसारखी एकेक मान टाकू लागली. पाणी दिलं तर कुजली, नाही दिलं तर वाळली.

"कोरफडीच्या वाटेनं चाललीत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मास्तर खजील होऊन दुकानात बसले होते. एक बाई मुलाला घेऊन आल्या. मास्तर सवयीने मुलाच्या छातीला टेप लावतात तोच बाई ओरडल्या, "अहो, अंगाबरोबर नको! वाढत्या अंगाचं शिवा!"

टेप मास्तरांच्या हातातच राहिला. हे वाक्य त्यांनी आयुष्यात हजारदा ऐकलं होतं. हजारदा दोन बोटं जास्त सोडून शिवलं होतं. आणि घरी, काल जन्मलेल्या रोपांना त्यांनी अंगाबरोबर शिवून टाकलं होतं! मुलगा ताटकळत उभा राहिला आणि मास्तर स्वतःशीच म्हणाले, "उसवायला पाहिजे. सगळं उसवायला पाहिजे."

त्यांनी उसवलं. दोन रोपांत हातभर जागा ठेवली. जागा पुन्हा उघडीबोडकी दिसू लागली. रस्त्यावरून जाणारे विचारू लागले, "मास्तर, बाग चोरीला गेली काय?"

मग आली जास्वंद. एका गिऱ्हाइकाने कोटाच्या बाह्या लहान करून घेतल्या आणि बदल्यात हे उंच, किडकिडं झाड दिलं. वर "छाटा बरं का" असंही सांगितलं. आता कात्री म्हणजे मास्तरांचं सहावं बोट. पण झाडापुढे त्यांनी ती तीनदा उघडली आणि तीनदा तशीच मिटली. कापडाचं गणित त्यांना ठाऊक होतं: कापलं ते गेलं, चुकलं तर पँटीची चड्डी आणि चड्डीचा रुमाल. शेवटी डोळे मिटून त्यांनी कात्री चालवली आणि दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

काही दिवसांनी कापलेल्या टोकाखाली दोन हिरवे ठिपके दिसले. एकाच्या जागी दोन फांद्या!

"अगं ए, इकडे ये!" मास्तर ओरडले. मास्तरीणबाई हातातलं लाटणं घेऊन धावत आल्या; त्यांना वाटलं साप निघाला. "हे बघ! मी कापलं आणि ते वाढलं! कापडाला जन्मात जमलं नाही हे!"

त्या दिवसापासून मास्तर साडूला विसरले. साडूच्या नाकावर टिच्चून सुरू झालेलं काम आता जिवाला लागलं होतं. विटांचे तुकडे निवडून त्यांनी फाटकापासून दारापर्यंत वाट केली. ठिगळाला ठिगळ जोडून, पण अशी चापून की पाऊल डगमगू नये. सिमेंटच्या गोण्या दुमडून, काठ शिवून त्यांत टोमॅटो लावले. वेलांना कोटांच्या अस्तरांच्या पट्ट्या बांधल्या. जाईला जांभळं अस्तर मिळालं तेव्हा मास्तरीणबाई पुटपुटल्या, "मला इतक्या वर्षांत कधी रंग विचारला नाही."

आणि एका सकाळी फाटकाशी टेम्पो थांबला. सभागृह संपलं होतं.

साडू उतरले. मागून त्यांची बायको, म्हणजे मास्तरीणबाईंची ताई उतरली. मास्तरांनी घाईने बागेवर नजर फिरवली. झेंडू फुलला होता, जास्वंद डवरली होती. पण निम्मी जागा अजून मोकळी होती. आणि बोलायचा हक्क आपला नाही, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

मास्तरीणबाई बाहेर आल्या. आधी त्यांनी वळून घरातल्या लादीकडे पाहिलं. मग वाटेकडे. मग पुन्हा लादीकडे.

"घ्या रे उतरवून!" साडू गड्यांना म्हणाले. "ह्या मोकळ्या जागेत ठेवा."

गड्याने फरशीची पेटी उचलली आणि मेंदीच्या दोन रोपांमध्ये पाय टाकला.

"पाय उचल!" मास्तरीणबाई अशा कडाडल्या की पेटी, गडी आणि साडू तिघेही मागे सरले. "मोकळी कुठली? वाढीची आहे ती जागा!"

"अगं, पण फरशी... तूच तर..."

"भाऊजी, रागावू नका. चिखलाशी भांडण होतं माझं. तो गेलाय. बघा, लादी अजून पुसली नाही सकाळपासून, आणि पुसायलाच नको आहे!"

साडूंनी तोंड उघडलं, पण ताईने आधी बोलून घेतलं. ती जास्वंदीपाशी उभी होती. "इथे किती गार वाटतं हो. आपल्याकडे दुपारी दारात उभं राहवत नाही."

टेम्पो भरलेला आला तसा भरलेला गेला. जाताना त्यात जास्वंदीची फांदी आणि तोंड फुगवून बसलेले साडू होते.

पुढच्या आठवड्यात दुकानात निरोप आला. ताईला दारापुढची फरशी काढून हवी होती, निदान कोपऱ्यातली तरी. जागेचं माप घ्यायला मास्तरांनी यावं. मास्तर पोचले तेव्हा साडू स्वतःच्या हातांनी बसवलेली फरशी स्वतःच्या पहारीने उचकटत होते. बसवलीही जबर होती बिचाऱ्यांनी. तुकडा निघता निघेना.

"हसा, हसा," साडू घाम पुसत म्हणाले.

मास्तर हसले नाहीत. खिशातल्या चार टाचण्या काढून त्यांनी ओठांत घट्ट धरल्या, टेप उलगडला आणि वाकून माप घ्यायला लागले.